मास्टर वाजवायची नसते

"ऐक, आणि सांग कोण गातंय," असं म्हणून ईनॉसनं टेपचा डबा माझ्या मशीनशेजारी ठेवला आणि स्वतः दाराला टेकून उभा राहिला.

एरवी तो डबा ठेवून लगेच खाली जायचा. त्या सोमवारी दुपारी मात्र हलेना. तोंडभर हसत होता.

"नवी मुलगी आहे का?" मी विचारलं.

"तू ऐक तर, मिस्टर डी."

माझं नाव दिगंबर कुंटे. ईनॉसच्या जिभेला त्यातलं काहीच पेलायचं नाही, म्हणून मिस्टर डी. तो जमैकाचा, मी मिरजेचा, आणि आमची गाठ पडली दक्षिण लंडनच्या एका गल्लीत. पुढच्या बाजूला त्याच्या बायकोचं केस करायचं दुकान, मागे जिन्याखाली तळघरात त्याचा स्टुडिओ आणि वरच्या खोलीत मी. तो त्याच्या जमैकन इंग्रजीत बोलायचा. मी ते इथं माझ्या मराठीत लिहितोय, गोड मानून घ्या.

माझं काम तबकड्या कापायचं. टेपवरचं गाणं मशीनमधून मऊ लॅकरचा, म्हणजे लाखेसारखा लेप दिलेल्या तबकडीवर खाच पाडत उतरवायचं. तबकड्या दोन प्रकारच्या. एक डबप्लेट, म्हणजे लगेच वाजवून बघायची. ती मऊच असते, प्रत्येक वेळी सुई तिच्यातलं थोडं खरवडून नेते आणि पंधरा-वीस वेळा वाजली की तिचा जीव संपतो. दुसरी मास्टर. ती कारखान्यात जाते, तिच्यावरून धातूचा साचा निघतो आणि साच्यावरून दुकानात मिळणाऱ्या कडक रेकॉर्डी. मास्टर कधी वाजवायची नाही. एकदासुद्धा नाही. सुई टेकली की ती कामातून गेली.

माझी मुलगी विशाखा सात वर्षांची असताना एकदा माझ्याबरोबर कामावर आली होती. तिनं विचारलं होतं, "मग ती चांगली झालीय हे कळतं कसं?"

"कापणाऱ्यावर विश्वास ठेवायचा," मी सांगितलं होतं.

तर त्या सोमवारी मी कानांवर हेडफोन चढवले आणि टेप लावली.

आधी बेस आला, तो खालचा जाड खर्ज. ईनॉसकडच्या गाण्यांमध्ये बेस छातीत वाजतो, कानाचं काम नंतर. चार ठोके झाले, गिटारनं उलट्या ठेक्यावर दोन-तीन टिचक्या मारल्या, आणि मग बेस जरा मागे सरला आणि एक मुलगी गायला लागली. आवाज बारीक, कुठंही जोर नाही. बसस्टॉपवर एक मुलगी उभी आहे, बस येते, तो उतरत नाही, ती दुसऱ्या बसची वाट बघते, एवढंच गाणं. तसं काहीच नाही त्यात. पण दुसऱ्या कडव्याच्या आधी तिनं श्वास घेतला.

तो श्वास मी सतरा वर्षं घरात ऐकत होतो. इंदू, माझी बायको, ओट्याशी काही गुणगुणत असली की ओळ सुरू करण्याआधी अशीच अर्धी थांबते. विशाखाही तशीच. शनिवारी दुपारी वाचनालयात जाते म्हणून सांगणारी माझी विशाखा.

गाणं संपलं. मी हेडफोन काढले.

"बोल," ईनॉस म्हणाला. "कोण?"

"नाही ओळखलं," मी म्हणालो.

त्याचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. "खरंच नाही?"

"नाही. कुणी का असेना, आवाज बरा आहे. किती वाजेपर्यंत हवीय?"

"डबप्लेट संध्याकाळी. मास्टर उद्या सकाळी कारखान्यात पाठवू," एवढं बोलून तो खाली गेला.

ही गाणी कशी होती ते सांगायला हवं, कारण आता त्यांना मोठं नाव आहे, पुस्तकं निघतात. तेव्हा तसं नव्हतं. आमच्याकडे येणारी पुरुषमंडळी रागाची, देवाची, परत आफ्रिकेला जाण्याची गाणी आणायची. त्यांच्या मुली इथं लंडनलाच जन्मलेल्या, शाळेच्या गणवेशात यायच्या. त्यांना कुठंही परत जायचं नव्हतं. त्यांना प्रेमाची गाणी हवी होती, अमेरिकेतल्या हळव्या गाण्यांसारखी, पण खाली बापांचाच जाड बेस. पुरुष हसायचे, पोरींचा खेळ म्हणायचे. ईनॉस हसत नसे. शनिवारी तो तळघर त्या मुलींना मोकळं सोडायचा. पुढं या गाण्यांना 'लव्हर्स रॉक' म्हणायला लागले. मला ती पहिल्यापासून आवडायची. आमच्या मिरजेत तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, मग ती तार बोलते. त्या मुलींच्या आवाजात तशी जवारी होती. मी ईनॉसला हे सांगितलंही होतं, आणि घरी जेवताना इंदूला आणि विशाखालाही. विशाखा तेव्हा मान खाली घालून वरण कालवत होती.

त्या दुपारी मी आधी डबप्लेट कापली. बेस इतका जाड की खाच शेजारच्या खाचेत घुसायची भीती, पण मी असा बसवला की आजही मला त्याचा अभिमान वाटतो. मग मास्टर कापली. मग आमच्या रिवाजाप्रमाणे टेप पुसली. टेपा महाग, म्हणून ईनॉस एकच टेप फिरवून फिरवून वापरायचा. मी त्याला दहादा सांगितलं होतं की मास्टर कारखान्यात उतरेपर्यंत तरी टेप ठेव. तो ऐकायचा नाही. त्या दिवशी मात्र पुसायला मला त्याचाच रिवाज आयता मिळाला.

आता ते गाणं दोनच ठिकाणी उरलं होतं. एक डबप्लेट आणि एक मास्टर. डबप्लेट ईनॉस येऊन घेऊन गेला.

मी मास्टर खोक्यात घालायला उचलली आणि घातली नाही. मशीनवर ठेवली आणि वाजवली.

मला पुन्हा ऐकायचं होतं म्हणून वाजवली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, एवढं माझ्या घरात होतं आणि मला पत्ता नाही म्हणून. पण एकदा वाजवून मी थांबलो नाही. जड सुई लावून दुसऱ्यांदा वाजवली. ते काही रडणाऱ्या बापाचं काम नव्हतं. पुढच्या महिन्यात मराठी मंडळाची दिवाळी होती. तिथं कुणी विचारलं, अहो कुंटे, त्या काळ्या लोकांच्या रेकॉर्डवर म्हणे तुमच्या मुलीचं नाव आहे, तर काय सांगायचं, हे माझ्या डोक्यात होतं. मी ईनॉसच्या घरी जेवत होतो, त्याच्या पोरांच्या वाढदिवसाला जात होतो. त्याच्या जिवावर माझं घर चालत होतं. आणि माझ्या मुलीचं नाव त्याच्या तबकडीवर मला नको होतं. हे एक वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईनॉस वर आला तेव्हा त्याच्या मागे विशाखा होती. शाळेला सुट्टी होती. तिनं निळा स्वेटर घातला होता आणि ती हसू दाबत होती.

"बाबा," ती म्हणाली, "ईनॉसअंकल म्हणतात तुम्ही ओळखलं नाहीत! खोटं बोलतायत ना ते?"

"तू इथं काय करतेस?" मी विचारलं.

"बाबा, ती मी होते. टेपवर. मी गायलेय."

"असं होय," मी म्हणालो. "मला सांगायला हवं होतंस. आता काय, मास्टर तर बिघडली."

"बिघडली?" ईनॉसनं विचारलं. "कशी काय?"

"लॅकर खराब निघालं. होतं असं कधीकधी."

ईनॉसनं मास्टर उचलली, खिडकीशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. न वाजवलेली तबकडी काळ्याभोर पाण्यासारखी दिसते. वाजवलेलीवर राखाडी पट्टा उमटतो. तो पट्टा मला माझ्या जागेवरून दिसत होता. विशाखा त्याच्या खांद्यामागून बघत होती, तिलाही दिसला. हे मीच तिला लहानपणी शिकवलं होतं.

खालून दुकानातल्या केस वाळवायच्या यंत्राची घरघर येत होती.

"डबप्लेट आहे ना," ईनॉस शेवटी म्हणाला. "तिच्यावरून टेपवर उतरवून घेता येईल. नाही का, मिस्टर डी?"

"कारखाना घ्यायचा नाही. प्लेटवरून उतरवलं की आवाज पडतो," मी सांगितलं. थोडा पडला असता. कारखान्यानं घेतलं असतं.

"मग पुन्हा गाऊ. या शनिवारी."

"नको, अंकल," विशाखा म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "पुन्हा नको. मला फक्त ती प्लेट द्या."

ईनॉसनं प्लेट तिला दिली. तो मला कधीच काही म्हणाला नाही. पुढं नऊ वर्षं मी त्याच्याकडे काम केलं. फक्त त्या दिवसापासून त्यानं मास्टर कारखान्यात उतरल्याशिवाय टेप पुसू दिली नाही.

त्या रविवारी जेवणं झाली, इंदूनं भांडी आवरली आणि विशाखानं आमच्या रेडिओग्रामवर ती प्लेट लावली. तो रेडिओग्राम मी जुन्या बाजारातून आणला होता. त्याचा हात जड आणि सुई जुनी. मऊ तबकडीला त्याहून वाईट काही नाही. मी खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो.

इंदू पदर खोचत बाहेर आली. "अगंबाई, ही तू? अहो, ऐकताय का? ही आपली विशू आहे!"

"ऐकतोय," मी म्हणालो.

"काय म्हणतेस गं त्यात?"

"बसची वाट बघतेय, आई."

"एवढी गोड वाट बघतेस होय बसची?" इंदू हसली. विशाखाही हसली. गाणं संपलं तशी तिनं प्लेट पाकिटात घातली, खिशातून पेन्सिल काढली आणि पाकिटावर एक रेघ मारली.

"रेघ कसली?" इंदूनं विचारलं.

"किती वेळा वाजली त्याची. ही प्लेट झिजते."

"झिजते? मग कशाला वाजवतेस? जपून ठेव की."

"बाबा आहेत ना," विशाखा म्हणाली. "ते बघतील."

तेव्हापासून दर रविवारी जेवणानंतर एकदा. आठवड्यात एरवी तिला हात नाही, मैत्रिणी आल्या तरी नाही. रविवारी, मी खुर्चीत असताना, एकदाच.

चौथ्या रविवारी 'स' खरखरायला लागला. सातव्याला 'त' बोथट झाला. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण मला कळत होतं, तेच तर माझं पोटापाण्याचं काम. बारीक आवाज आधी झिजतो आणि जाड मागे राहतो. माझ्या कामाच्या बॅगेत नव्या सुया होत्या. कोरी टेप होती. कामावरून टेपरेकॉर्डर घरी आणायचा, तो मी कितीदा आणायचो, दोन वायरी जोडायच्या, प्लेट एकदा वाजवायची. दहा मिनिटांचं काम होतं. पण ते केलं असतं तर मला ते गाणं हवंय असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि हवंय म्हटलं की मग मास्टर का वाजवली, हेही आलंच. मी मूग गिळून पेपर वाचत राहिलो.

नवव्या की दहाव्या रविवारी इंदूच म्हणाली, "अहो, हिचा आवाज घसा बसल्यासारखा का येतोय? तुम्ही मशीनवाले ना? बघा की जरा."

"प्लेट मऊ आहे. तिचं असंच होतं."

"मग दुसरीकडे उतरवून घ्या. ती गाण्यांची टेप नाही का तुम्ही मंडळातल्या सदाभाऊंना करून दिलीत?"

"बघू," मी म्हणालो.

विशाखा सुईपाशी गुडघे टेकून बसली होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. तोंडावर राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं, मीही चार शब्द चढवून बोललो असतो. ती नुसती बघत होती, बसस्टॉपवरच्या माणसानं रस्त्याच्या वळणाकडे बघावं तशी. मी पेपरचं पान उलटलं. तिनं रेघ मारली.

पुढच्या शुक्रवारी मी खरंच टेपरेकॉर्डर घरी आणला. जिन्याखाली ठेवला. शनिवारी मंडळाच्या मीटिंगला गेलो. तिथं खजिनदार दांडेकर हसत म्हणाले, "कुंटे, तुमच्या कामाच्या तिथं फारच दणदणाट चालतो म्हणे, मुलीचं लग्न व्हायचंय अजून, जपा." ते मास्टरबद्दल बोलत नव्हते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. माणूस सहज बोलला. पण माझी पाचावर धारण बसली. सोमवारी टेपरेकॉर्डर जसा आणला तसा परत नेला. मधला रविवार तो जिन्याखालीच होता आणि विशाखानं तो पाहिला होता. त्या रविवारी तिनं प्लेट लावायच्या आधी बराच वेळ पाकीट हातात धरून ठेवलं होतं.

मार्च उजाडला. प्लेटचा अठरावा रविवार. इंदू शेजारच्या घरी गेली होती. विशाखानं प्लेट लावली. बेस आला, चार ठोके, गिटारच्या टिचक्या पुसट झाल्या होत्या. मग बेस मागे सरला आणि तिथं खसखस नुसती. त्या खसखशीत कुणीतरी गात असल्यासारखं वाटत होतं, पण शब्द एकही नाही. बाहेरच्या खोलीत कुणी बोलतंय आणि आपल्याला कळत नाहीये, तसं.

तिनं पूर्ण ऐकलं. सुई उचलली. रेघ मारली नाही.

"बाबा, पहिल्या दिवशी ओळखलं होतंत ना?"

पेपर माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला.

"हो."

"कशावरून?"

"दुसऱ्या कडव्याआधी तू श्वास घेतेस. तुझ्या आईसारखा."

तिनं मान हलवली. "मी ईनॉसअंकलना म्हटलं होतं, नाव सांगू नका, बाबा कानानं ओळखतील. पैज लावली होती आम्ही."

मी खुर्चीत पुढं सरकलो.

"मला वाटलं, पहिला रविवार झाला की कराल. मग वाटलं पाचवा. आई म्हणाली त्या दिवशी तर नक्कीच वाटलं. टेपरेकॉर्डर आणलात तेव्हा मी रात्रभर जागी होते." ती अगदी हळू बोलत होती. "रेकॉर्ड निघाली नसती तरी चाललं असतं, बाबा. घरात एक टेप असती तरी चाललं असतं. तुम्हाला हवी होती एवढं कळलं असतं."

"उद्या आणतो," मी म्हणालो. "उद्याच आणतो मशीन. नवी सुई लावू, वरचा आवाज वाढवू, काहीतरी निघेल."

"आता काय निघणार?"

ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. लॅकरमधून जे खरवडून गेलं ते गेलं.

तिनं प्लेट पाकिटात घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"ठेवा तुमच्याकडे. बेस छान कापलाय तुम्ही."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच ते मला आयुष्यभर पुरलं.

सप्टेंबरात ती फार्मसी शिकायला लीड्सला गेली. लग्न झालं, सरळमार्गी मुलगा, मंडळातलाच. तिच्या मुलीच्या बारशाला पाळणा म्हणायची वेळ आली तेव्हा बायका म्हणाल्या, विशाखा, तू म्हण, तुझ्या आईचा गळा तुझ्यात असणार. ती म्हणाली, "मला गाता येत नाही." इंदूनं माझ्याकडे पाहिलं आणि पाळणा स्वतः म्हटला. इंदूला मास्टरचं कधी कळलं की नाही, मला ठाऊक नाही. तिनं विचारलं नाही आणि ती जाईपर्यंत मी सांगितलं नाही.

विशाखा आता साठीला आलीय. दर रविवारी येते. माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरून ठेवते, भात टाकते, जेवताना चार गोष्टी बोलते. कधी उलट शब्द नाही. शेजारी म्हणतात, कुंटे, नशीबवान आहात. मी हो म्हणतो.

ती गेली की मी कपाटातून पाकीट काढतो. सतरा रेघा पुसट झाल्यात, पण मोजता येतात. रेडिओग्राम केव्हाच गेला, आता हलक्या हाताचं चांगलं मशीन आहे, नातीनं आणून दिलं. प्लेट लावतो. बेस येतो, आजही खणखणीत, चार ठोके होतात आणि मग तो जरा मागे सरतो, कुणीतरी गायला येणार म्हणून जागा करून देतो. ती जागा गाणं संपेपर्यंत तशीच राहते.

मग मी सुई उचलतो.